लिदामावशी जाहिराती वाचत नाही

दगडखाणीखालच्या बागांत लिदा शेबेस्तोवाला सगळेच लिदामावशी म्हणायचे. तिच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले आलोइसकाकासुद्धा. मावशीने आयुष्यभर टपालखात्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये "ब्रनो बोला, ब्रनो" म्हणून तारा जोडल्या होत्या. निवृत्त झाल्यावर तारा गेल्या, आवाज राहिला. त्या आवाजात ती दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी क्लबघरात 'हिरवं कुंपण' मासिक मोठ्याने वाचायची. बागवाल्यांच्या मंडळाच्या नावावर एकच अंक यायचा. बाकांवर बसून, डुकराच्या चरबीच्या कुरकुऱ्या लावलेला पाव खात, लोक तो कानांनी वाचायचे.

वाचायला बसण्याआधी मावशी एक काम करायची. घरून पिशवीभर कपड्यांचे चिमटे आणायची आणि अंकातली जाहिरातीची पानं एकमेकांना जोडून चिमट्याने बंद करायची. वाचता वाचता चुकून एखादी ओळ तोंडातून जायला नको. पूर्वी वर्षाकाठी दोन चिमटे पुरायचे. विळ्याला धार लावायचा दगड, बियाण्यांची सहकारी संस्था, पाण्याचा हातपंप, बस. कोपऱ्यात अंग चोरून बसायच्या त्या जाहिराती, पाहुण्यासारख्या. आता पाहुण्यांनी पलंग घेतला होता आणि घरमालक बोळात झोपत होता. अंक हातात धरला की दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखा दिसायचा.

आणि त्या जाहिराती बोलायच्या कशा. पांढरीशुभ्र पँट घातलेली बाई शेणखताच्या ढिगाशेजारी उभी राहून दात दाखवायची. "माझ्या टोमॅटोंचं रहस्य? तुम्हालाही कळू द्या." एक रोबो गवत कापायचा आणि म्हणायचा, "तुम्ही आराम करा, मी आहे ना." पण मावशीला खरा राग यायचा तो गुडघ्यांचा. बागेचं मासिक, आणि निम्म्या जाहिराती गुडघ्याच्या मलमाच्या, कानातल्या यंत्राच्या, जिन्याला लावायच्या खुर्चीच्या. "वाकताना त्रास होतो?" असं पान नंबर सातवरचा पिकल्या केसांचा देखणा माणूस तिला दर महिन्याला विचारायचा. होतो की, पण त्याला कोणी सांगितलं? बागवाले म्हणून नव्हे, म्हातारे म्हणून हे लोक आपल्याकडे येतात, हे तिला कळायचं आणि त्या माणसाच्या थोबाडावर ती चिमटा जरा जास्तच जोरात लावायची.

तरी कोणी मासिकाला नावं ठेवली की ती आडवी यायची. तेच लोक कागदाचे पैसे देतात म्हणून लेख छापले जातात, असं म्हणायची. नवरा दारुड्या असला तरी शेजारणीसमोर त्याची बाजू घ्यावी तशी.

नावं ठेवणारा होता मंडळाचा अध्यक्ष, रादोवान हलावाच. लोक त्याला इंजिनियरसाहेब म्हणायचे. ब्रनोला इमारतींच्या बॉयलरचं काम करायचा, आणि बोलताना प्रत्येक वाक्याच्या शेवटी "बरोबर की नाही" असं म्हणून स्वतःच मान हलवायचा. ऑगस्टच्या सभेत तो स्वयंपाकघरातला तराजू घेऊन आला. अंकाची पानं सगळ्यांसमोर टराटरा फाडली, जाहिराती एका बाजूला, लेख दुसऱ्या बाजूला, आणि वजन केलं. जाहिराती जड निघाल्या. त्यांचा कागदच जाड होता ही गोष्ट मावशीच्या लक्षात आली, पण तोवर सगळे हसत होते. "हे आपण मंडळाच्या पैशाने विकत घेतो," साहेब म्हणाला. "सगळं इंटरनेटवर फुकट मिळतं. बरोबर की नाही." ऑक्टोबरच्या सभेत मतदान घ्यायचं ठरलं: मासिक चालू ठेवायचं की बंद.

मावशी त्या दिवशी फाटलेली पानं गोळा करून घरी घेऊन गेली आणि चिकटपट्टीने जोडत बसली. जाहिरातीसुद्धा.

म्हणून सप्टेंबरचा अंक तिने नेहमीपेक्षा जास्त जीव ओतून वाचला. प्लम पिकत आले होते. खाणीखालच्या बागांत सप्टेंबर म्हणजे पिंपांचा महिना. प्लम झाडावरून काढायचे, पिंपात ठेचून भरायचे, आणि ते आंबायची वाट बघायची. नोव्हेंबरात गावच्या भट्टीवर नंबर लागला की त्याची स्लिवोवित्से, म्हणजे प्लमची दारू, काढायची. जेवणाला, बारशाला, मयताला, पोटदुखीला तीच. त्या वर्षी आलोइस झेमानेककाकांचा जीव पिंपात जरा जास्त अडकलेला होता. वसंतात त्यांच्या नातीचं, यिट्काचं लग्न होतं. तिकडे लग्नाचं आमंत्रण कागदावर देत नाहीत. घरची छोटी बाटली आणि गोड पाव घेऊन दारोदार जायचं, आणि ज्याच्या घरी विकतची बाटली गेली त्याने ती उघडलीच नाही असंही घडलेलं आहे. काकांचं झाड म्हातारं होतं, उशिरा पिकायचं, आणि फांद्या वाळत चालल्या होत्या. हे त्याचं शेवटचं भरलेलं पीक, असं ते स्वतःच म्हणत.

सप्टेंबरच्या अंकात पिंपावरच एक लेख होता. जुन्या लेखांसारखा दिसणारा, राखाडी, चित्राशिवायचा. सुरुवातही तशीच: "प्रिय बागमित्रांनो, आपल्या आजोबांना जे ठाऊक होतं, ते आपण का विसरलो?" मावशीने आवाज थोडा खाली आणून, दमाने वाचला. आजोबा पिंप स्वच्छ ठेवायचे, बुरशीने वास बिघडू द्यायचे नाहीत, आजकाल मात्र हवा घाण झाली आहे, आणि म्हणून पिंपात 'सोनेरी पिंप' नावाच्या पुडीतली भुकटी टाकावी. मग पिंप पूर्वीसारखं रानटी गुरगुरणार नाही. शांतपणे, सभ्यपणे काम करेल. खाली एका डॉक्टर-इंजिनियरचं नाव, नावाच्या मागे-पुढे इतक्या पदव्या की मावशीला मध्ये श्वास घ्यावा लागला.

आनेश्का तोमेच्कोवाने तिथल्या तिथे कोणाकोणाला पुड्या हव्यात ते विचारलं. हात वर गेले. आनेश्काबाई या बागांतली सगळ्यात तिखट जीभ. मावशीवर तिचा राग नव्हता, पण कोणावरच नसलेल्या रागाची ती फोडणी सगळीकडे घालायची. इंजिनियरसाहेब त्या दुपारी क्रोएशियाच्या समुद्रावर पाय बुडवून बसला होता, त्यामुळे त्याने हात वर केला नाही. असता तरी केला नसता.

पुड्या आल्या, पिंपांत गेल्या. आणि पिंपं खरोखर शांत झाली. एरवी या दिवसांत बागांमधून चालताना खोपटाखोपटातून पोट बिघडल्यासारखे आवाज यायचे. या वर्षी चिडीचूप. लोक एकमेकांना सांगत होते, बघा, लिहिलं होतं ना, सभ्यपणे काम करेल म्हणून. आनेश्काबाई तर म्हणाली की तिचं पिंप तिच्या नवऱ्यापेक्षा सुधारलं.

मावशीही तेच म्हणत होती. पण सप्टेंबर संपता संपता तिने आपल्या पिंपाचं झाकण उघडलं, लाकडी पळी बुडवली आणि चाटून बघितली. गोड होतं. जॅमसारखं गोड. दोन आठवडे आंबलेल्या प्लमला गोडवा राहत नसतो. गोडवा खाऊनच तर त्याची दारू होते. तिने पुन्हा चाटलं, पिंपाला कान लावला. आत काहीच चाललेलं नव्हतं. ते काम करत नव्हतं, मेलेलं होतं.

भुकटी जास्त पडली असेल, असं तिला वाटलं. किती टाकायची ते पुन्हा बघावं म्हणून तिने अंक काढला. क्लबघरात पिवळा बल्ब होता, इथे खिडकीतला उजेड. पान दोन बोटांनी ताणून धरलं तेव्हा शिवणीच्या अगदी आत, उभ्या ओळीत, खसखशीच्या दाण्याएवढ्या अक्षरांत छापलेले दोन शब्द दिसले: सशुल्क मजकूर.

ती स्टुलावर बसली. तो लेख नव्हता. आजोबा, घाण हवा, प्रिय बागमित्रांनो, सगळं कोणीतरी पैसे देऊन लिहवून घेतलं होतं, आणि त्याच आवाजात, ज्या आवाजावर तिने इतकी वर्षं विश्वास टाकला. पांढऱ्या पँटीतल्या बाईला तिने चिमटा लावला होता. ही बाई आजोबांचा कोट घालून आली आणि मावशीने तिला स्वतःच्या तोंडाने सगळ्यांच्या घरात नेऊन सोडलं.

तिचा पहिला राग मासिकावर नव्हता. ती तिच्या स्वतःच्या कानांवर चिडली. एक्स्चेंजमध्ये ती आवाजावरून सांगायची, पलीकडचा माणूस खोटं बोलतोय की फक्त सर्दी झालीय.

तो गुरुवार होता. सभा शनिवारी होती. लगेच सगळ्यांना सांगायचं, हे उघड होतं. पण सांगितलं तर मतदानाचं काय होणार हेही उघड होतं. हलावाचला तराजू आणायची गरजच पडणार नव्हती. मग मावशीने स्वतःशी सौदा केला. ज्यांनी भुकटी टाकली, त्यांची टाकून झाली. दोन दिवसांनी त्यांचं आणखी काय बिघडणार? मतदान होऊ द्यावं, मासिक वाचवावं, आणि संध्याकाळी सांगावं. ज्याने अजून टाकली नव्हती असा एकच होता, आलोइसकाका. त्यांचे प्लम अजून झाडावर होते आणि पुडी फळीवर. ते रविवारी प्रार्थनेनंतर पिंप भरणार असं म्हणाले होते. शनिवार रविवारच्या आधी येतो. हिशोब जमत होता.

दुपारी काका कुंपणाशी आले. टोपी मागे सारून, कुंपणाच्या वरच्या फळीवर दोन्ही कोपरं टेकून, ते नेहमीसारखं आधी हवेबद्दल बोलले, मग यिट्काच्या झग्याबद्दल, मग हवेबद्दल पुन्हा. मग सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मावशे, तो पुडीचा लेखच होता ना गं? म्हणजे आनेश्का म्हणते ते ठीक, पण ते शेवटचं पीक आहे, म्हणून आपलं विचारतो."

मावशीच्या तोंडात "नाही" आलं होतं. जिभेच्या टोकावर होतं. त्याऐवजी तिने कात्री उचलली आणि म्हणाली, "काका, मी कधी जाहिराती वाचते का?"

काका हसले. खरंच की, म्हणाले, काय विचारतोय मी, आणि फळीवर थाप मारून निघून गेले. मावशी त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत एकाच गुलाबाच्या एकाच फांदीवर कात्री चालवत राहिली. फांदी कधीच पडली होती.

शुक्रवार तिने घरात काढला. दोनदा कोट घातला, दोनदा काढला.

शनिवारी क्लबघर गच्च भरलं. खिडक्यांच्या काचा श्वासांनी धुरकट झालेल्या. हलावाच पुढे उभा राहून बोलला, आणि वाईट गोष्ट म्हणजे चांगलं बोलला. मावशीचा मान ठेवून बोलला. वाचन सुंदर आहे, वाचणारी त्याहून सुंदर आहे, पण जे वाचलं जातं ते आता विकत घेतलेलं असतं, आणि आपण ते ओळखू शकत नाही, बरोबर की नाही. कोणीतरी मागून म्हणालं की साहेबाचं इंटरनेट काय देवळात छापतात का. हशा पिकला. मावशी हसली नाही. मतं फिरत होती हे तिला आवाजावरून कळत होतं, बाकांच्या करकरण्यावरून. जरा रेटलं तर मासिक तरलं असतं.

तेव्हा आलोइसकाका उठले. ते सभेत कधी बोलत नसत. उठताना त्यांनी टोपी काढून छातीशी धरली आणि मावशीला त्यांचे हात दिसले. बोटं, नखं, मनगटापर्यंत सगळं जांभळं. प्लम ठेचल्याचा रंग.

काका सावकाश बोलले. म्हणाले, मला वाचता येतं पण डोळे नाहीत. ही वाचते ते मी करतो, माझी मेलेली बायकोही तेच करायची. "या बाईने आपल्याला आजवर एक जाहिरात वाचून दाखवलेली नाही. परवाच मी तिला तोंडावर विचारलं, आणि त्या बोलीवर काल आमची यिट्का मदतीला आली तर पिंप भरूनसुद्धा टाकलं. माझं मत मासिकाला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. हलावाचने खांदे उडवले, आता मोजायचं ते काय उरलं, अशा अर्थाने. मावशीला टाळ्या ऐकू आल्या नाहीत. तिला "काल" एवढंच ऐकू आलं.

ती उभी राहिली. आवाज एक्स्चेंजचाच लागला, स्पष्ट, प्रत्येक शब्द सुटा, कारण तिला दुसरा येत नव्हता.

"सप्टेंबरचा तो लेख जाहिरात होती. शिवणीत छापलंय, मला गुरुवारी दिसलं. पिंपं शांत नाहीत, मेलीत. घरी जाऊन चव घ्या. आणि काकांनी मला विचारलं तेव्हा मला माहीत होतं."

आधी कोणाला समजलंच नाही. मग सगळ्यांना एकदम समजलं. बाक मागे सरकले, कोणाचा तरी ग्लास आडवा झाला. कोणी बंद घड्याळ दुरुस्तीला नेल्यासारखं विचारत होतं की म्हणजे नक्की किती मेलंय. आनेश्काबाईचा आवाज सगळ्यांच्या वर चढला. चिमटे, म्हणे, अंकाला लावून काय उपयोग होता, तोंडाला लावायचे होते. एरवी यावर लोक हसले असते.

हलावाचने टेबलावर टकटक करून मत घेतलं. मासिक बंद. मावशीचा एकटीचा हात विरुद्ध वर होता, आणि तोही तिने कशासाठी वर केलाय हे तिचं तिलाही नीट माहीत नव्हतं. काकांनी मत दिलं नाही. ते मोजणी चालू असतानाच टोपी घालून बाहेर पडले.

ती त्यांच्या मागे गेली. काका खोपटात पिंपासमोर उभे होते, झाकण उघडून, आणि आत बघत होते. भुकटी वरच्या थरावर अजून पांढरट दिसत होती. मावशी दारातच थांबली.

"गुरुवारी सांगितलं असतंस तर?" काकांनी न वळता विचारलं.

"तर वाचलं असतं."

काकांनी मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पळी घेतली आणि वरचा पांढरा थर हळूहळू काढून बादलीत टाकायला लागले, दुधावरची साय काढावी तसा. तिने मदतीला हात पुढे केला तेव्हा त्यांनी बादली पलीकडे सरकवली.

भुकटी काल पडली होती, दोन आठवड्यांपूर्वी नव्हे. मावशीच्या डोक्यात एवढंच घोळत होतं. तिची आई पावाचं पीठ फुगलं नाही की शेजारणीकडून आंबलेल्या पिठाचा गोळा मागून आणायची. दुधाला विरजण लावतात तसं. मेलेल्यात जिवंत मिसळायचं. पण जिवंत पिंप कोणाकडे होतं? सगळ्यांनी तिचं ऐकलं होतं. न ऐकणारा एकच होता.

हलावाच आपल्या खोपटाला कुलूप लावत होता. क्रोएशियातून उशिरा आल्यामुळे त्याचं पिंप ऐन भरात होतं. बाहेरूनसुद्धा ऐकू येत होतं, आत कोणीतरी चिखलात चालल्यासारखं. मावशी त्याच्यासमोर उभी राहिली आणि मागायचं ते मागून मोकळी झाली. दोन बादल्या.

"हे कुठल्या अंकात वाचलंत?" त्याने विचारलं.

"कुठल्याच नाही."

"मग होईल याची खात्री काय?"

"काहीच नाही, साहेब."

त्याने तिच्याकडे पाहिलं. किल्ली बोटात फिरवली. मावशीला वाटलं आता तो काहीतरी बोलणार, तराजूसारखं, सगळ्यांना पुढे महिनाभर सांगता येईल असं. सांगण्यासारखं भरपूर होतं. त्याने कुलूप उघडलं. बादल्या भरताना फक्त एवढं म्हणाला की मत बदलणार नाही, मासिक बंदच. मी मासिकासाठी आलेच नाही, असं मावशी म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिला जाणवलं की ते खरं होतं. मग एक बादली तिने आणि एक त्याने उचलली, कारण पान नंबर सातवरचा माणूस विचारायचा त्या जागी तिला खरोखर त्रास होत होता.

काकांनी दोघांना येताना पाहिलं आणि ते पिंपापासून बाजूला झाले. फेसाळता, बुडबुडे सोडणारा लगदा आत गेला. हलावाचने आपल्या अंगावरचा लोकरी कोट काढून पिंपाभोवती गुंडाळला आणि बटणंसुद्धा लावली. बटणं लावताना तो जरा ओशाळला होता.

दुसऱ्या दिवशी इतरही बादल्या घेऊन त्याच्या दारात उभे राहिले. आनेश्काबाई सगळ्यात पुढे. साहेबाने कुरकुर केली, हे पिंप आहे, नदी नाही, पण दिलं. पण त्यांची भुकटी जुनी होती, त्यांची पिंपं काही जिवंत झाली नाहीत. मावशीने स्वतःसाठी मागितलंच नाही. तिचं पिंप तिने खताच्या खड्ड्यात ओतलं. गोड वासाने आठवडाभर गांधीलमाश्या तिथे घोंघावत होत्या. तिच्या बागेतून येणारा तेवढाच आवाज.

ती रोज सकाळी काकांच्या कुंपणाशी जायची. आत जात नसे. काका खोपटातून बाहेर यायचे, तिच्याकडे बघायचे, मान आडवी हलवायचे आणि भाज्यांच्या वाफ्याकडे वळायचे. पाऊस लागला. कोटावर घोंगडी चढली, घोंगडीवर जुना गालिचा. यिट्का एकदा येऊन गेली आणि जाताना तिने मावशीला नमस्कार केला नाही. मावशीला ते बरोबरच वाटलं.

मग एका सकाळी काका बाहेर आले आणि मान हलवायच्या ऐवजी त्यांनी बोट वाकवून तिला आत बोलावलं. तिने गालिच्यावर कान टेकला. आधी काही नाही. मग खोल कुठेतरी, ढेकर आवरणाऱ्या माणसासारखा एक आवाज, आणि बऱ्याच वेळाने दुसरा.

"नवरदेवाकडचे पाहुणे कमी बोलवावे लागतील," काका म्हणाले. "पण होईल." मग पिंपावरचा गालिचा नीट करत, तिच्याकडे न बघता पुढे म्हणाले, "मावशे, पुन्हा कधी मी विचारलं ना, तर हो म्हणायचं नाहीतर नाही म्हणायचं. मलाच उलट विचारायचं नाही."

ती हो म्हणाली.

नोव्हेंबरात भट्टीवर काकांची स्लिवोवित्से निघाली, थोडीच, आणि पहिल्या धारेला हलावाचला बोलावलं होतं. मावशीला कोणी बोलावलं नाही, पण संध्याकाळी आनेश्काबाई औषधाच्या बाटलीएवढी एक बाटली तिच्या दारात ठेवून गेली. पाठवली कोणी ते सांगितलं नाही. वरून एवढं मात्र सांगितलं की बाटलीवर काही छापलेलं नाही, बिनधास्त पी.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी क्लबघरात वाचायला काही नव्हतं. लोक तरी आले. शेगडी पेटली, पाव कापले गेले, आणि मग सगळे वाचन सुरू व्हायची वाट बघितल्यासारखे बसले. आलोइसकाका उशिरा आले. कोटाच्या आतून त्यांनी गुंडाळी काढली आणि मावशीसमोर टेबलावर टाकली. 'हिरवं कुंपण', वेष्टनावर झेमानेक नाव. हलावाचने भुवया उंचावल्या. काका म्हणाले की हे मंडळाचे पैसे नाहीत, माझे आहेत, आणि माझ्या पैशाने मला काय हवं ते मी ऐकेन.

"चिमटे आणलेत का मावशी?" कोणीतरी विचारलं.

नव्हते आणले. काका म्हणाले, बरं झालं, आज जाहिराती आधी वाच. सगळ्या. म्हणजे त्यांचा आवाज कानाला बसेल.

मावशीने चष्मा लावला. मग पांढऱ्या पँटीतली बाई आली, आणि मावशीने दात दाखवून, मान कलती करून, टोमॅटोंचं रहस्य सांगितलं. रोबो आला. जिन्याची खुर्ची आली. पान सातवरचा देखणा माणूस इतक्या प्रेमाने "वाकताना त्रास होतो?" म्हणाला की आनेश्काबाईने लाजून पदर सावरल्यासारखा केला. मावशी सगळ्यांचे आवाज काढत होती, ज्यांच्या तोंडावर तिने आयुष्यभर चिमटे लावले त्यांचे, आणि हलावाच डोळे पुसत रोबो कुठल्या पानावर आहे ते विचारत होता, फक्त बघायला, बरोबर की नाही.

मग तिने पान उलटलं आणि थांबली. राखाडी पान, चित्र नाही. जर्दाळूच्या झाडांची हिवाळ्यातली छाटणी. सुरुवात "प्रिय बागमित्रांनो" अशीच. खाली जुन्या लेखकाचं नाव होतं, ज्याला ती तरुणपणापासून वाचत होती आणि ज्याचे हात कसे असतील याचीही तिने कल्पना केलेली होती. लेखात मधोमध झाडाच्या जखमेवर लावायच्या एका मेणाचं नाव होतं. बाजारातलं नाव.

हसणं थांबलं होतं. सगळे तिच्याकडे बघत होते. तिने शिवण ताणून पाहिली, पान उजेडाकडे धरलं, उलट धरलं. कुठेच काही छापलेलं नव्हतं.

"लेख आहे की जाहिरात?" काकांनी विचारलं.

मावशीने पान पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचलं, ओठ न हलवता. हो म्हणता येत नव्हतं आणि नाही म्हणता येत नव्हतं.

"माहीत नाही, काका," ती म्हणाली.

काकांनी बाक पुढे ओढला.

"मग सावकाश वाच."